अंड्याच्या पांढऱ्यापासून करिझ्मा अल्बमपर्यंत : फोटोच्या कागदाची गोष्ट

आजच्या भागात आपण एका अशा कागदाबद्दल बोलणार आहोत, जो तुमच्या घरात नक्की आहे, पण ज्याच्याकडे कागद म्हणून आपण कधी बघतच नाही. आजोबांचा हार घातलेला फोटो आठवा. आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम आठवा. आपण त्यात माणसं बघतो. पण ती माणसं ज्याच्यावर उमटली आहेत, तो कागद कुठून आला? त्याच्यावर काय लावलेलं असतं? आणि आजोबांचा काळा-पांढरा फोटो अजून ठणठणीत असताना लग्नाचे रंगीत फोटो लालसर का पडले?

हा शेवटचा प्रश्न नीट लक्षात ठेवा, कारण आजचा भाग त्याच्यासाठीच आहे. तुमच्या मोबाईलमध्ये आज काही हजार फोटो असतील. त्यातला एक तरी तुमच्या नातवापर्यंत पोहोचेल का? उत्तर शोधायचं तर दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागेल.

मतदानाची शाई आणि पहिला फोटो

सुरुवात तुमच्या बोटापासून करू. मतदान केलं की डाव्या हाताच्या बोटाला शाई लावतात. लावताना ती जांभळी दिसते, मग उन्हात गेलं की काळपट होते आणि कितीही घासली तरी काही दिवस जात नाही. या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणजे चांदीचा क्षार. आपल्या घामातल्या मिठाशी त्याचा संयोग होतो, सिल्व्हर क्लोराइड तयार होतं आणि उजेड पडला की ते काळं पडतं.

झालं! फोटोच्या कागदाचं सगळं गुपित एवढंच आहे. मीठ, चांदी आणि ऊन.

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट नावाच्या गृहस्थाने १८३० च्या दशकात नेमकं हेच कागदावर केलं. चांगला लिहायचा कागद घेतला, मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवला, त्याच्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात दिला. त्याच्यावर एखादं पान ठेवून उन्हात धरलं की पानाच्या भोवतीचा कागद काळा आणि पानाखालचा पांढरा. पुढे त्याने कागदाचीच निगेटिव्ह बनवली. तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. १८४१ मध्ये त्याने या पद्धतीचं पेटंट घेतलं.

पण एक अडचण होती. चित्र उमटलं तरी उरलेली चांदी कागदात तशीच असायची. परत उजेडात आणलं की सगळा कागद काळा! त्यावर तोड काढली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने. ज्याला आपले फोटोग्राफर आजही ‘हायपो’ म्हणतात, ते रसायन न वापरलेली चांदी विरघळवून टाकतं, हे त्याला १८१९ पासूनच माहीत होतं. हायपोमध्ये बुडवा, स्वच्छ पाण्यात भरपूर धुवा, फोटो पक्का. हे ‘भरपूर धुवा’ विसरू नका. आपल्या मराठवाड्यात ते पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

मुंबईत फोटोचा वर्ग

ही विद्या आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. म्हणजे बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावली त्याच्या पुढच्याच वर्षी! साहेब लोकांची संस्था, पण त्यात आपली माणसंही होती. डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तर चांगले फोटोग्राफर होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

त्याच सुमारास कॅप्टन थॉमस बिग्ज या अधिकाऱ्याला मुंबई सरकारने पश्चिम भारतातल्या लेण्या-मंदिरांचे फोटो काढायला नेमलं. त्याआधी हे काम चित्रकार करायचे, त्याला महिनोन्‌महिने लागायचे. कंपनी सरकारचा हिशेब साधा होता : फोटो स्वस्त आणि जास्त खरा.

आपल्याकडे कागद नव्हता का?

आता कुणी विचारेल, कागद तर आपल्याकडेही होता की! होता, आणि उत्तम होता. वेरूळजवळचं कागजीपुरा गाव हातकागदासाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे. दौलताबादी कागद पेशव्यांच्या दफ्तरात वापरला जायचा. हा कागद खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटून तयार करायचे, म्हणजे बोरूची शाई फुटत नसे.

फोटोच्या कागदाची गरज मात्र वेगळीच होती. त्यात लोखंडाचा एक कणसुद्धा चालत नाही. पाण्यात, यंत्रात कुठेही लोखंडाचा अंश असला की चांदीशी त्याची प्रक्रिया होऊन फोटोवर डाग उमटतो. समजा, नेमका नवरीच्या गालावर! त्यामुळे १९ व्या शतकात जगभरच्या फोटोंचा मूळ कागद मुख्यतः दोनच ठिकाणांहून यायचा : फ्रान्समधलं रीव्ह आणि आज बेल्जियममध्ये असलेलं माल्मेडी. का, तर तिथलं पाणी अतिशय शुद्ध. लंडनच्या राणीचा फोटो असो की हैदराबादच्या निजामाचा, कागदाचा लगदा बहुतेक त्या दोन गावांच्या पाण्यात भिजलेला असायचा.

साठ लाख अंडी

टॅल्बटच्या कागदात चित्र कागदाच्या तंतूंमध्ये मुरायचं, त्यामुळे ते जरा मऊ, धूसर दिसायचं. १८५० मध्ये ब्लांकार-एव्रार या फ्रेंच माणसाने युक्ती काढली. अंड्याचा पांढरा बलक घ्यायचा, त्यात मीठ घालून फेटायचा, फेस निवळू द्यायचा आणि कागद त्याच्यावर अलगद तरंगवायचा. कागदाला चकचकीत पापुद्रा येतो, चित्र त्या पापुद्र्यात बसतं. धार आली, चमक आली. हा अल्ब्युमेन कागद. पुढची चाळीसेक वर्षं जगात याचंच राज्य होतं.

मग लागली अंडी, आणि किती? जर्मनीत ड्रेस्डेन हे या धंद्याचं मोठं केंद्र होतं. तिथल्या एका कारखान्याने १८८८ या एका वर्षात १८,६७४ रीम कागद तयार केला. एका रीमला साधारण २७ डझन अंडी. गुणाकार करा, साठ लाखांच्या वर जातो! पांढरं कागदाला आणि पिवळं? ते मऊ चामडं कमावणाऱ्यांना विकलं जायचं. म्हणजे एकाच अंड्यातून साहेबाचा फोटोही व्हायचा आणि मडमेचे हातमोजेही.

आपल्या भागाशी याचा संबंध काय? सांगतो. मेजर रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याची चित्रं नकलायला नेमलेला होता. वर्षानुवर्षं बसून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलचित्रं केली आणि लंडनला पाठवली. १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे ठेवलेली त्याची चित्रं जळाली. पण दरम्यान गिल फोटो काढायला शिकला होता. अजिंठा-वेरूळच्या त्याच्या ७४ फोटोंचं पुस्तक १८६४ मध्ये निघालं होतं, प्रत्येक प्रतीत खरे फोटो चिकटवलेले. एक कॅनव्हास जळाला तर संपला. फोटोच्या प्रती वेगवेगळ्या घरांत, ग्रंथालयांत पसरलेल्या असतात, त्यामुळे त्या उरल्या. प्रती वाढवा, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

निजामाचा फोटोग्राफर

आजचा हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, परभणीतून वेगळा होऊन. पण त्या काळात हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. या संस्थानाचा सगळ्यात नावाजलेला फोटोग्राफर म्हणजे लाला दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुरकीला इंजिनिअरिंग शिकले, इंदूरला नोकरी केली, फोटोचा नाद लागला आणि शेवटी सिकंदराबादला स्टुडिओ थाटला. सहाव्या निजामाने, म्हणजे मीर महबूब अली खानने, त्यांना ‘मुसव्विर जंग’ ही पदवी दिली. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह अडीच हजारांहून जास्त संख्येने आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

दीनदयाळांच्या काळात असा फोटो छापणं म्हणजे काय होतं, ऐका. कागदावर अंड्याचा थर असायचा, पण चांदीचं पाणी आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी लावायचं. उष्ण हवेत तयार कागद एका दिवसात पिवळा पडायचा. मग काचेची निगेटिव्ह आणि कागद एका चौकटीत दाबून उन्हात ठेवायचा. निगेटिव्ह जेवढी मोठी तेवढाच फोटो, लहान-मोठा करायची सोय नाही. नंतर सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून रंग खुलवायचा. हो, खऱ्या सोन्याच्या! मग हायपो, मग धुणं. सांगा आता, हे कुणाला परवडणार?

म्हणून त्या काळातल्या फोटोंत राजे, नबाब, रेसिडेंट, हत्ती, शिकारी आणि महाल दिसतात. आपल्या भागातला शेतकरी, शेतमजूर स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या पैशाने फोटोला उभा राहिल्याचं जवळपास दिसत नाही. तो दिसतो तो दुष्काळात. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद भागातल्या मदतकार्याचे फोटो दीनदयाळांच्या स्टुडिओने काढले. त्यात रांगेत बसलेली माणसं आहेत. त्यांची नावं कुठेच नाहीत. ते फोटो त्या माणसांसाठी नव्हते, सरकारने काय मदत केली ते दाखवायला होते.

दगडांचे फोटोही असेच कागदपत्र म्हणून निघाले. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांचं दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचं मोठं पुस्तक १९३१ मध्ये निघालं. त्यात आपल्या औंढा नागनाथचं मंदिर आहे. आज कोरीवकामातलं काय शिल्लक आहे आणि काय झिजलं, हे ताडून बघायला अशा जुन्या नोंदीच कामाला येतात.

मोहरी खाणाऱ्या गाई

मग फोटो तालुक्याच्या गावी आला कसा? त्याचं श्रेय जिलेटिनला. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये मिसळून काचेवर लावले. तेच पुढच्या काही वर्षांत कागदावर आलं. हाच आपला ‘ब्रोमाइड’ कागद. तयार पाकिटात मिळतो, महिनोन्‌महिने टिकतो आणि उन्हाची गरज नाही. दिव्याच्या उजेडात काही सेकंद पुरतात. लाल दिव्याच्या खोलीत पांढरा कागद डेव्हलपरमध्ये टाकायचा आणि हळूहळू डोळे, नाक, मिशा वर येताना बघायच्या. मुख्य म्हणजे छोट्या निगेटिव्हवरून मोठा फोटो काढता येऊ लागला.

याच कागदाच्या एका भावंडाने, ‘व्हेलॉक्स’ने, लिओ बेकलँड या रसायनशास्त्रज्ञाला श्रीमंत केलं. १८९९ मध्ये कोडॅकने त्याची कंपनी विकत घेतली. त्या पैशावर त्याने प्रयोगशाळा थाटली आणि बॅकेलाइट शोधून काढलं. जुन्या वाड्यातली काळी गोल बटणं आठवतात? ती बॅकेलाइटची!

जिलेटिनची अजून एक गंमत. एका घाणीतलं जिलेटिन वापरलं की कागद झटकन काम करायचा, दुसऱ्यातलं वापरलं की मंद. कारण कुणालाच कळेना. शेवटी १९२५ मध्ये कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी छडा लावला. मोहरीसारख्या वनस्पतींत गंधकाची संयुगं असतात. जनावरांनी ती खाल्ली की त्यांचा अंश जिलेटिनमध्ये उतरतो आणि त्याने चांदीची उजेडाची जाण वाढते. म्हणजे फोटो चांगला येतो की नाही, ते गाईने काय खाल्लं त्याच्यावर!

उटीचा कागद, मराठवाड्याचं पाणी

स्वातंत्र्यानंतर फोटोचा कागद, फिल्म, एक्स-रे हे सगळं बाहेरून आणणं देशाला जड जात होतं. म्हणून १९६० मध्ये तमिळनाडूत उटीला ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. थंड आणि धूळ नसलेली हवा हा त्या जागेचा मोठा फायदा. १९६७ मध्ये उत्पादन सुरू झालं, नाव होतं ‘इंदू’. इंदूची फिल्म आणि ब्रोमाइड कागद देशभरच्या स्टुडिओंत पोहोचला.

आता जत्रेतला, बसस्टँडसमोरचा स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. मागे रंगवलेला पडदा : ताजमहाल, बाग, नाहीतर विमान. नवरा खुर्चीत, बायको शेजारी उभी, डोक्यावर पदर. निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग. हवं तर कुंकवाला लाल आणि पातळाला हिरवा रंग हाताने भरून. कित्येक आज्यांचा आयुष्यातला तो एकमेव फोटो. आणि घरात माणूस गेलं की धावपळ व्हायची, एखाद्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करून द्या म्हणून. तेराव्याला भिंतीवर लागलेला तो फोटो ब्रोमाइड कागदावरचाच.

आता ते ‘भरपूर धुवा’ आठवा. जुना ब्रोमाइड कागद तंतूंचा, त्यामुळे हायपो त्यात मुरतो. नीट काढायचा तर तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो. आणि आपल्याकडे? १९७२ च्या दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं. जिथे घागरीने पाणी आणायचं, तिथे फोटो तासभर कोण धुणार? कमी धुतलेल्या फोटोत हायपो राहतो, चांदीला खातो, फोटो पिवळा पडतो, डागाळतो. तुमच्या घरातला एखादा जुना फोटो कडेने पिवळा पडला असेल, तर हे एक कारण असू शकतं.

साधारण १९७० च्या आसपास प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला कागद बाजारात आला. पाणी आत मुरत नाही, त्यामुळे चार-पाच मिनिटांत धुऊन होतो. टंचाईच्या भागासाठी हे केवढं मोठं काम झालं!

रंग आला आणि उडाला

मग रंगीत फोटो आला. इथे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोत जे काळं दिसतं ती खरी चांदी असते, धातूचे बारीक कण. नीट धुतलेला असेल तर शंभर वर्षं सहज टिकतो. रंगीत कागदात मात्र चांदी फक्त कामापुरती असते. डेव्हलपिंगमध्ये तिच्याभोवती पिवळा, किरमिजी आणि निळसर असे तीन रंग तयार होतात आणि मग चांदी धुऊन काढून टाकतात. उरतो फक्त रंग. आणि रंग उडतो. ७०-८० च्या दशकातल्या कागदात निळसर रंग आधी उडायचा, म्हणून त्या काळातले लग्नाचे अल्बम आज लालसर दिसतात. कपाटात अंधारात ठेवलेले असले तरी. नंतरचे कागद बरेच सुधारले.

तोवर फोटो ही चैन राहिली नव्हती. १९९३ मध्ये टी. एन. शेषन निवडणूक आयुक्त असताना मतदारांना फोटो ओळखपत्र द्यायचा आदेश निघाला. पुढे रेशन, बँक, नोकरी, शिष्यवृत्ती, सगळीकडे ‘पासपोर्ट साईझ दोन फोटो’. दीनदयाळांच्या काळात ज्याला नाव नव्हतं, त्या माणसाचा फोटो आता नावासकट सरकारदरबारी लागू लागला.

मग डिजिटल आलं. उटीचा कारखाना आधीच आजारी होता, गेल्या दशकात कायमचा बंद झाला. डार्करूमच्या खोल्यांत झेरॉक्स मशिनं आली. पण कागद मेला असं समजू नका. लग्नातला जाडजूड करिझ्मा अल्बम बघा. त्यातले बरेचसे अजूनही चांदीच्या कागदावरच छापले जातात, फक्त निगेटिव्हऐवजी लेझरचा उजेड.

मग आपण काय करायचं?

सोपं आहे. एक, या सुट्टीत घरातले जुने फोटो काढा आणि आजी-आजोबांजवळ बसा. प्रत्येक फोटोतलं माणूस कोण, गाव कोणतं, वर्ष कोणतं, विचारा. मागच्या बाजूला साध्या पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. पेनाची शाई पुढे उमटते. दोन, जुना फोटो लॅमिनेट करू नका. ती उष्णता आणि तो गोंद परत काढता येत नाही. तीन, फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट त्याचा फोटो काढून घ्या. चार, ओल येणाऱ्या भिंतीवरून आणि उदबत्तीच्या धुरातून तो बाजूला घ्या. पाच, मोबाईलमधले वर्षातले दहा फोटो निवडा, चांगल्या लॅबमधून कागदावर काढा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. गिलचे फोटो असेच उरले.

यातलं एकच जमणार असेल तर पहिलं करा. कागद आणखी पन्नास वर्षं थांबेल, पण त्यातलं माणूस कोण हे सांगणारी आजी थांबणार नाही. दुष्काळातल्या त्या रांगेतल्या माणसांची नावं आपल्याला आता कधीच कळणार नाहीत. आपल्या घरच्यांची अजून कळू शकतात.

तुमच्या घरातला सगळ्यात जुना फोटो कोणता आणि त्यात कोण आहे, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि आजीला आजच फोन लावा!